श्वास मोजणारी खोली

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं फक्त जेवलास का, झोपलीस का एवढंच बोलतो, म्हणून नेहमीप्रमाणे खरी बातमी पत्रातून. माझी साखर वाढली आहे. फार नाही, पण डॉक्टरांनी कागदावर त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला. वजन अठ्ठ्याऐंशी. औषधाआधी एक संधी देतो म्हणाले. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, साखर तर बंदच. अंडी, पालेभाज्या, चीज, मासे आणि सुका मेवा यांवर राहायचं. कर्बोदकं कमी केली की वजन आपोआप उतरेल, असं त्यांचं म्हणणं.

तुझी भावजय कामाला लागलीसुद्धा. काल फ्लॉवर किसून तिने भाताच्या भांड्यात वाढला. त्याच्याकडे भात समजून बघ म्हणाली. बघितलं. फ्लॉवर माझ्याकडे फ्लॉवरसारखाच बघत होता.

सगळं सोडवेल, बिनगोडाचा चहा मात्र घशाखाली उतरत नाही. तू आयुष्यभर गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात चव घेण्याचा पगार खाल्लास, तर आता भावाच्या उपयोगी पड. साखरेऐवजी काय घालू ते कळव. ग्रंथालयात ठीक. नवं यंत्र आलं आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पत्र वाचून काळजी करू नकोस. केलीस तर अर्धीच कर.

तुझा,
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काळजी पूर्ण केली. अर्धं काम मला जमत नाही.

सात मजल्यांच्या पुस्तकांच्या कोठारात दिवसभर लोखंडी जिने चढणाऱ्या माणसाला साखर होते, हे मला अजून पटत नाही. प्रयोगशाळेतल्या सगळ्या मुलींना मी तुझं उदाहरण देते. वाचकाने चिठ्ठी दिली की माझा भाऊ पाचव्या मिनिटाला पुस्तक हातात आणून ठेवतो, म्हणून लहानपणचं भिंगरी हे नाव अजून शोभतं, असं सांगते.

सोबत गोडव्याच्या गोळ्यांची डबी पाठवते. चहाला एक पुरे. आमच्याकडे एक पांढरी पूड येते, ती साखरेच्या सहाशेपट गोड. बादलीभर पाण्यात चिमूटभर टाकली की सगळी बादली गोड. चव घ्यायच्या खोलीत आम्ही लाल दिवा लावून बसतो, म्हणजे रंग बघून जीभ फसू नये. इतकी वर्षं झाली, तरी पहिला घोट घेताना अंगावर काटा येतो. जीभ शपथेवर सांगते की साखर आहे, आणि पोटात काहीच पोचत नाही.

बिनसाखरेच्या चॉकलेटचाही एक डबा ठेवला आहे. पण नीट ऐक, ते हवेचं केलेलं नाही. त्यात लोणी असतं. दिवसाला दोन, तिसरं नाही.

भावजयीला सांग, फ्लॉवर परतून घे, पाणी आटेपर्यंत. आणि माझ्यावर जीव ठेव, फ्लॉवरवर नाही ठेवलास तरी चालेल.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मार्चमध्ये तुला मिरवत कळवलं होतं की अडीच किलो उतरलो. ते पत्र फाडून टाक. आज वजन नव्वद आहे. सुरुवातीला होतं त्याहून दोन जास्त.

ताई, साडेतीन महिने मी भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही. कार्यालयात एकाच्या वाढदिवसाचा केक आला, तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तरी हे! काल डॉक्टरांनी वजनाचा आकडा पाहिला, पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं की गुपचूप काय खाता. ओरडले असते तर बरं झालं असतं. तीन महिन्यांनी साखर उतरली नाही तर औषध सुरू, आणि मग ते जन्मभराचं, असंही म्हणाले. आपले बाबा कसे गेले, शेवटी त्यांच्या पायाचं काय झालं, ते तुला आठवतं. मला तर रोज मोजे घालताना आठवतं.

मला एकच शंका येते. तुझ्या त्या गोळ्यांनीच वजन वाढत असेल का? जीभ फसते तसं शरीरही फसत असेल, साखर आली समजून चरबी साठवत असेल. तू जाणकार आहेस. खरं ते सांग.

उत्तराची वाट बघतो आहे. उशीर झाला तरी चालेल, पण ये-जा चालू राहू दे.

भिंगरी


५ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. त्या गोळीत मोजण्याइतकं काही नसतं. वर्षभराच्या गोळ्या एकदम खाल्ल्यास तरी किलोचा काटा हलायचा नाही. शरीर फसतं का यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, पण फसून फसून चार-साडेचार किलो? मला नाही वाटत.

वजन हवेतून येत नाही. तोंडातून येतं. तू काहीतरी खातो आहेस आणि भावजयीला कळू देत नाहीस. लहानपणी तुझ्या खिशाला कायम मुंग्या लागायच्या, मी काही विसरलेले नाही. माझ्याशी तरी लपवाछपवी नको. जे जे तोंडात जातं त्याची यादी करून पाठव. रागावणार नाही.

बाबांचं तू एकट्याने पाहिलेलं नाहीस. म्हणून कडक लिहिते आहे. कडक वाटलं तर दोनदा वाच, दुसऱ्यांदा प्रेम दिसेल.

ताई


१९ मे

ती. ताईंना,
सा. न.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून ह्यांनी तुमचं नाव काढलेलं नाही. पत्र दोनदाच काय, पाच-सहा वेळा वाचलं. मग घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. बाहेरच्याने खोटारडं म्हटलं तर सोसवतं, एवढंच एकदा बोलले.

ताई, तुम्ही मोठ्या आहात, पण चुकलात. हे काहीही चोरून खात नाहीत. मी घरात असते, खिसे मी धुते.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही, कारण ती सांगायची ह्यांना लाज वाटते. जानेवारीपासून हे जिना चढलेले नाहीत. कोठारात रूळ बसवले आहेत. वाचकाची चिठ्ठी आता संगणकावर येते, बटण दाबलं की वरच्या मजल्यावरून पुस्तक डब्यात बसून रुळावरून खाली येतं, आणि हे फक्त डबा उघडतात. आठ तास खुर्ची. तुम्ही सगळीकडे सांगता ना, माझा भाऊ भिंगरीसारखा फिरतो, म्हणून ह्यांच्या तोंडून निघेना.

पूर्वी घरी यायचे ते पाय दुखत यायचे, पण गप्पा मारत. आता पाय दुखत नाहीत आणि गप्पाही नाहीत. टेबलाच्या खणात बदाम-अक्रोडाची बरणी असते. डब्याची वाट बघताना हात रिकामा, म्हणून एक मूठ. डॉक्टरांनीच सांगितलेलं खाणं, मग मीही बरणी भरत राहिले. चहात साय घालते तीही मीच. तुमचा चॉकलेटचा डबा दर महिन्याला येतो तसा संपतो. ह्यात चोरी कुठे आहे?

मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात एक बंद खोली आहे. आतल्या माणसाचा श्वास मोजून शरीराने किती जाळलं ते सांगतात म्हणे. त्यांना वजन न उतरणारी माणसं हवी होती. ह्यांनी नाव दिलं आहे. मला म्हणाले, निदान यंत्र तरी माझ्यावर विश्वास ठेवेल.

हे पत्र मी लिहिल्याचं कळू देऊ नका, किंवा कळलं तरी चालेल. घरात राग मावतो, अबोला मावत नाही. तुमची माया आमच्याकडे वळती असू द्या.

तुमची भावजय


२६ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देण्याचा हक्क आधी परत मागते, मग देईन.

भावजयीने कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला तो चुकीचा होता, आणि चूक झाली असं लिहून मोकळं व्हावं एवढी ती लहान नाही. तू काय खातोस ते मी विचारलं. दिवस कसा जातो ते एकदाही विचारलं नाही.

काल मी स्वतःवर प्रयोग केला. चव घ्यायच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले, जेवणापुरती उठले. पावलं मोजायचा पट्टा मनगटावर होता. नऊशे! मग तुझे जिने आठवले. कागदावर आकडेमोड करायला घेतली आणि जमेना. पंचवीस वर्षं रोज सात मजले, वर-खाली, वीस-तीस वेळा. तुझ्या पायांनी केवढं काम केलं रे! आणि मी त्याचा फक्त किस्सा करून सांगत होते.

त्या खोलीत जा. काय दिसलं ते मला कळवशील की नाही, हे तुझ्यावर. मी रोज टपालपेटी उघडून बघेन.

ताई


२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग गेला. तुझं पत्र वाचून थोडा गेला होता, बाकीचा त्या खोलीत गेला. कसा, ते सविस्तर सांगतो.

खोली रेल्वेच्या डब्यातल्या कप्प्याएवढी. खाट, खुर्ची, टेबल, एक पायरी चढायची लाकडी पेटी आणि जाड काचेची खिडकी. दार लावलं की रबर फुगतं आणि हवेचा कण आत-बाहेर होत नाही. हवा एका नळीतून येते, दुसरीतून जाते. जाणाऱ्या हवेत प्राणवायू किती कमी झाला आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढला, एवढं मोजलं की शरीराने किती जाळलं ते कळतं. जेवण दोन झडपांच्या खिडकीतून. एक झडप बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही. मी आत एक दिवस आणि एक रात्र होतो.

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञबाईंनी मला बाहेर बसवून पडद्यावर माझा दिवस दाखवला. एकच रेषा, डावीकडून उजवीकडे. त्यांनी मुद्दाम तासभर मला कचेरीत बसतो तसं बसवलं होतं. तिथे रेषा रुळासारखी सपाट. मग अर्धा तास पेटीवर चढ-उतर करायला लावली होती. तिथे, ताई, डोंगर! बाई म्हणाल्या की बाकीच्या दिवसात कुठेच असा चढ नाही. माझ्या गेल्या पाच महिन्यांचा चेहराच मी पाहिला म्हण.

मग मी भीत भीत गोळीचं विचारलं. सकाळी त्यांनी एकदा साधं गरम पाणी दिलं होतं आणि एकदा गोळी घातलेलं. दोन्ही वेळच्या रेषा एकमेकींवर ठेवून दाखवल्या. फरक दिसेना. एका माणसाच्या एका सकाळवरून सगळ्यांचा निकाल लागत नाही, असं त्या म्हणाल्या, पण माझं वजन त्या गोळीने वाढवलेलं नाही.

वाढवलं ते दोन गोष्टींनी. जिने गेले तेव्हा रोजच्या साडेसहाशे-सातशे कॅलरी जळायच्या थांबल्या. आणि मी खाण्याची जी वही ठेवली होती तिच्यात रोजचे चार मुठी अक्रोड-बदाम निघाले. त्यांच्या कॅलरीही जवळपास तेवढ्याच. शिवाय साय, चीज आणि तुझी चॉकलेटं, दोन नव्हे, सहा. हे मात्र मी तुला सांगायला हवं होतं. साखर नाही, कर्बोदकं नाहीत, म्हणजे मोजायचं कारण नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पहिल्या महिन्यात उतरलं ते बरंचसं नुसतं पाणी होतं. बाई म्हणाल्या की तुमची वही आणि आमचं यंत्र एकच सांगतात, तुम्ही काहीही लपवलेलं नाही. तेव्हा मला रडू आलं. त्यांनी पाणी आणून दिलं आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. मी झोपलो होतो त्या वेळची रेषा त्यांनी दाखवली. मला वाटलं, तिथे ती तळाला टेकली असेल. नाही टेकली. मी हलत नव्हतो, काही करत नव्हतो, स्वप्नसुद्धा आठवत नाही, तरी ऐंशी वॅटच्या दिव्याइतका जळत होतो. हृदय, यकृत, मेंदू, सगळे आपापल्या कामावर. बावन्न वर्षं हा दिवा एक क्षण विझलेला नाही आणि मला त्याची खबर नाही.

आणि चरबी कुठे जाते, ठाऊक आहे? मला वाटायचं घामातून, किंवा आणखी कुठून. ती श्वासातून जाते. दहा किलो उतरली तर साडेआठच्या आसपास हवा होऊन नाकावाटे बाहेर पडते, उरलेली पाणी होऊन. मी परत येताना रस्त्यावरच्या माणसांकडे बघत उभा राहिलो. फळवाला, वाहतुकीचा पोलीस, शाळेतून येणाऱ्या मुली, प्रत्येक जण उभ्या उभ्या स्वतःला थोडं थोडं हवेत सोडत होता. कोणालाच पत्ता नाही. एका बाईंनी मला बरं नाही का असं विचारलं, तेव्हा भानावर आलो.

वजन हवेतून येत नाही हे तुझं बरोबर होतं, ताई. जातं मात्र हवेतच.

बरणी तुझ्या भावजयीने वरच्या फळीवर ठेवली आहे. आता मला कचेरीत उभं राहण्याचं कारण शोधायचं आहे. तुझा हात डोक्यावर आहे, तो काढू नकोस.

भिंगरी


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारण सापडलं.

रुळावरचे डबे पुस्तकांच्या ठरावीक मापाचे आहेत. त्यांत मोठे नकाशासंग्रह आणि चित्रांचे ग्रंथ बसत नाहीत. जानेवारीपासून अशा प्रत्येक चिठ्ठीवर यंत्र आपलं आपण ‘उपलब्ध नाही’ असं छापत होतं. मी जुन्या चिठ्ठ्या काढून ग्रंथपालबाईंपुढे ठेवल्या. दोनशे अकरा होत्या. पुस्तकं सातव्या मजल्यावर धडधाकट, आणि वाचक हात हलवत परत गेलेले. बाईंनी विचारलं, आणणार कोण. मी म्हणालो की तुमच्यासमोर उभा आहे.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि कठड्याला धरून बसलो. लाज वाटली नाही. श्वास मोजत बसलो. आता सलग पाच मजले जातात, मग एक थांबा.

परवा पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या एक आजी आल्या. मार्चपासून चार वेळा परत गेल्या होत्या. मी तो ग्रंथ दोन्ही हातांवर झोपवून खाली आणला, टेबलावर उघडला. बगळ्याचं चित्र, जवळजवळ खऱ्या बगळ्याएवढं. आजी हात मागे बांधून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मीही.

वजन साडेशहाऐंशी. साखर सीमेच्या आत, औषध तूर्त टळलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला. आता भात आठवड्यातून दोनदा वाटीभर मिळतो. तुझी गोळी चहात आहे, अक्रोड मोजून सहा.

२९ तारखेला दुसरी मोजणी आहे. नातेवाइकाला खिडकीबाहेर बसता येतं. तू येशील?

भिंगरी


३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आता हक्काने.

घरी सुखरूप पोचले. स्टेशनवर तू विचारलंस की बाहेरून काय दिसलं, आणि मी गाडी आली म्हणून टाळलं. गाडी यायला दहा मिनिटं होती.

तू सकाळी आत गेलास. मी काचेपाशी खुर्ची टाकून बसले, शेजारी पडदा. तू पुस्तक वाचत होतास, माझ्याकडे बघून हात हलवलास, मग विसरलास. मी तीस वर्षं एक थेंब, दोन थेंब असं मोजत आले, पण समोर बसलेल्या माणसाचं जगणं असं थेंबाथेंबाने पुढे सरकताना कधी पाहिलं नव्हतं. तू पान उलटत होतास आणि रेषा चालत होती. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या छातीकडे अशीच बघत बसायचे, पण तेव्हा भीतीने बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कोणाचा श्वास न घाबरता पाहिला.

तू पेटीवर चढायला लागलास तेव्हा डोंगर आला. शास्त्रज्ञबाईंनी जूनचा डोंगर शेजारी लावून दाखवला. तेवढ्याच पायऱ्या, पण या वेळी तू उतरल्यावर रेषा लवकर खाली आली. शरीराला चढण्याची सवय परत लागली, असं त्या म्हणाल्या.

मग जेवणाच्या ताटाबरोबर मी झडपेतून ती चिठ्ठी सरकवली. तुला मजकूर पाठ झालाच असेल, तरी पुन्हा लिहिते. तिथल्या दोन विद्यार्थिनी मला पुढची वजनवाली समजून काट्यावर घेऊन गेल्या, आणि मी बूट काढले, घड्याळ काढलं, चष्मा काढला, केसांतल्या पिनासुद्धा एकेक करून काढल्या, आणि मग आकडा वाचायला चष्मा मागितला. तू वाचलीस, आणि हसायला लागलास. काचेतून आवाज येत नव्हता. तू ताट बाजूला सारलंस, पोट धरलंस, माझ्याकडे बोट दाखवलंस आणि पुन्हा हसलास. मीही बाहेर हसत होते.

तुला हे ठाऊक नाही की खोलीतली हवा यंत्रापर्यंत पोचायला काही मिनिटं लागतात. तू हसून, डोळे पुसून, शहाण्यासारखा जेवायलाही बसलास, आणि पडद्यावर अजून काहीच नव्हतं. मग रेषा उचलली गेली. हळूच. पेटीच्या डोंगरासमोर अगदीच लहान, एखाद्या उशीएवढा उंचवटा. बाई कागद चाळत होत्या, त्यांनी दचकून मान वर केली, वेळ पाहिली आणि मला विचारलं की आत्ता त्यांनी काय केलं, जेवणाने रेषा इतक्या लवकर चढत नाही.

मी सांगितलं की तो हसला.

त्यांनी पेन्सिलीने कागदावर, त्या उंचवट्याशेजारी, तेवढंच लिहून ठेवलं. मी घड्याळ लावून बसले. रेषा पुन्हा खाली यायला पुरती अकरा मिनिटं लागली. तोवर मी जागेवरून हलले नाही.

जपून चढ, कठडा धरून. भावजयीला माझा नमस्कार नव्हे, मिठी. आणि या म्हाताऱ्या बहिणीला पत्रं लिहीत जा.

तुझी,
ताई